हेल्मेटचं वजन आणि मानेचा कोन

१५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहर पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू केली. पंपावर हेल्मेट दाखवावं लागायला लागलं, तशी ते न घालण्याची कारणंही पुढे आली. केस गळतात, मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही, मान धरते. पहिल्या दोन कारणांवर टपरीवर तासभर वाद घालता येतो. तिसरं मोजता येतं. हेल्मेटमुळे मानेवर किती ताण येतो हे तपासणाऱ्या विद्यापीठीय प्रकल्पात संशोधन साहाय्यकाचं पद घेतलं, की प्रत्यक्षात काय काय करावं लागतं ते इथे लिहितो आहोत. फिजिओथेरपीची पदवी असलेल्यांना यातला काही भाग परिचयाचा वाटेल. पण कॉलेजात शिकलेली पद्धत डोक्यावर हेल्मेट आलं की जागोजागी अडते, आणि हे काम मुख्यतः त्या अडणाऱ्या जागांचं आहे.

जाहिरातीत ‘माहिती संकलन व विश्लेषण’ एवढंच लिहिलेलं असतं. मुलाखतीत बहुधा एक प्रात्यक्षिक होतं: समोरच्या माणसाचा मानेचा सातवा मणका बोटानं शोधून दाखवा. मानेच्या बुडाशी हाताला दोन उंचवटे लागतात आणि उमेदवार त्यातला कुठलाही एक धरतो. युक्ती सोपी आहे. दोन्हींवर एकेक बोट ठेवायचं आणि त्या माणसाला मान मागे टाकायला सांगायची. सहावा मणका बोटाखालून आत सरकतो, सातवा जागेवर राहतो. पुढची सगळी मापं या एका ठिपक्यावर उभी असतात, त्यामुळे हे पाठ असलेलं बरं.

मोजायला बसण्याआधी कागदावर एक हिशोब करून घ्यावा, म्हणजे आपण काय शोधतोय ते स्पष्ट होतं. प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. फुल फेस हेल्मेट सव्वा किलोच्या आसपास. नुसतं वजन पाहिलं तर डोक्यात पाव हिश्शाची भर पडली, आणि लोक तिथेच निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण मानेच्या मागच्या स्नायूंना वजन उचलायचं नसतं, वजनाचा पुढे ओढणारा जोर रोखायचा असतो. भरलेली बादली अंगालगत धरली तर चालते, हात लांब करून धरली की खांदा भरून येतो, मानेचंही तेच. मानेच्या बुडापासून डोक्याचा गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटर वर आहे आणि हेल्मेटचा २० सेंटिमीटर, असं हिशोबापुरतं धरू. डोकं ४.५ किलो, हेल्मेट १.२ किलो. मान ३० अंश पुढे झुकली, तर नुसतं डोकं जवळजवळ ४ न्यूटन-मीटर जोर लावतं, हेल्मेट १.२ ची भर घालतं, एकूण ५.२. तीच मान १५ अंशांवर ठेवली, तर हेल्मेटसकट एकूण जोर २.७ भरतो. म्हणजे १५ अंशांवरचं हेल्मेट घातलेलं डोकं, ३० अंशांवरच्या उघड्या डोक्यापेक्षा मानेला हलकं पडतं. हेल्मेटचं वजन आणि चालवणाऱ्याची बसण्याची ढब वेगवेगळी करता आली नाही, तर अभ्यासातून काहीच निघत नाही. प्रकल्पाची सगळी रचना यासाठी असते.

म्हणून सुरुवात माणसांपासून न करता हेल्मेटपासून करायची. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. वजन घेताना काच खाली, पट्टा बंद, आतली गादी बसवलेली. एकाच मॉडेलच्या एम, एल आणि एक्सएल मापांत वजनाचा फरक पडतो, तेव्हा खोक्यावरचा आकडा न घेता प्रत्येक नग वेगळा तोलून त्याच्या आत क्रमांक लिहायचा. मग गुरुत्वमध्य. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हेल्मेट एका बिंदूपासून दोरीनं टांगायचं, शेजारी ओळंबा सोडायचा, बाजूनं फोटो घ्यायचा; मग दुसऱ्या बिंदूपासून टांगून पुन्हा फोटो. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले की ओळंब्याच्या रेषा जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य. कॅमेरा हेल्मेटच्या अगदी जवळ असेल तर कडा वाकड्या दिसतात आणि बिंदू सेंटिमीटरभर हलतो, त्यामुळे कॅमेरा किमान दोन मीटर मागे ठेवून झूम वापरावा. काच वर केली तर गुरुत्वमध्य कुठे जातो तेही टिपून ठेवावं, कारण नाशिककर पाऊस नसेल तेव्हा काच वर करूनच चालवतात.

वापरायचं प्रत्येक हेल्मेट आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्हाचं असावं. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हेल्मेटं मिळतातच. ती फक्त टेबलावर तोलायची. ती हलकी भरतात आणि लोकांना त्याचंच कौतुक असतं. हलकी असण्याचं कारण आत पाहिलं की कळतं: आघात शोषणारा थर्माकोलचा जाड थर तिथे नसतोच किंवा नावाला असतो.

वजन आणि वजनाची जागा वेगळी करायला आम्ही जी पद्धत वापरतो ती टायरच्या दुकानातून आली आहे. चाकाच्या बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असलेली चिकट पट्टी मिळते. मुंबई नाक्याच्या बाजूला टायरवाल्यांकडे सहज मिळते. एका हेल्मेटला २०० ग्रॅम पुढच्या बाजूला, दुसऱ्याला तेवढंच मागे, तिसरं जसंच्या तसं. तिन्हींवर एकसारखं कापडी कव्हर, म्हणजे घालणाऱ्याला पट्टी दिसत नाही. मानेच्या बुडापासून १२ सेंटिमीटर पुढे लावलेले २०० ग्रॅम ०.२४ न्यूटन-मीटरनं पुढे ओढतात, मागे लावलेले तेवढ्यानंच मागे. काट्यावर दोन्ही हेल्मेटं सारखी. मागे वजन लावलेलं हेल्मेट पुष्कळांना ‘हलकं’ वाटतं, आणि तसं वाटलं तर ते शब्दशः लिहून घ्यायचं. ही बदललेली हेल्मेटं प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नयेत. नोंदवहीत ती कुलपात ठेवल्याची सही रोज लागते.

एथिक्स कमिटीत सर्वांत जास्त चर्चा एका मुद्द्यावर होते: उघड्या डोक्याची स्थिती कशी मोजणार? रस्त्यावर मोजताच येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे, कलम १९४ ड प्रमाणे १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी संशोधनासाठी कोणाला उघड्या डोक्यानं गाडी चालवायला सांगणं कुठलीही शहाणी कमिटी मान्य करणार नाही. म्हणून ही तुलना उभ्या गाडीवर करायची आणि रस्त्यावरची फेरी फक्त न बदललेल्या हेल्मेटनं. प्रस्तावात हे वाक्य पहिल्याच पानावर असलं की बराच वेळ वाचतो. मूळ इंग्रजी संमतिपत्र मराठीत करून दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत करून घ्यावं लागतं. दोन्ही इंग्रजी मसुदे जुळले नाहीत तर कमिटी परत पाठवते. संमतिपत्रात मानेच्या मागे आणि गळ्याशी केस काढावे लागतील हे स्पष्ट लिहायचं. हे लपलं तर माणूस ऐनवेळी उठून जातो, आणि त्याची चूक नसते. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करायची असेल तर पहिला माणूस घेण्याआधी करावी. नंतर होत नाही.

किती माणसं लागतील? त्याच माणसावर दोन स्थिती ताडून पाहायच्या, मध्यम परिणाम म्हणजे ०.५ धरायचा (सरासरी फरक त्याच्या प्रमाण विचलनाच्या निम्मा), खरा फरक सापडण्याची ८० टक्के शक्यता आणि नसलेला फरक दिसण्याची ५ टक्के मुभा, तर ३४ माणसं लागतात. २० टक्के गळती धरली की ४३. आमच्याकडे चार स्थिती आहेत: उघडं डोकं, साधं हेल्मेट, पुढे वजन, मागे वजन. त्यांचा क्रम चार प्रकारे फिरवायचा असतो, म्हणून चारनं भागेल असा आकडा घ्यायचा: ४४, प्रत्येक क्रमाला ११. क्रम फिरवला नाही तर शेवटच्या स्थितीत मान आधीच दमलेली असते आणि दोष हेल्मेटच्या माथी जातो. क्रमाच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात घालून दुसऱ्या माणसाकडे ठेवाव्यात.

माणसं मिळवण्याचा भाग बाहेरून सोपा वाटतो. कॉलेजच्या फलकावर ‘हेल्मेटमुळे मान दुखते का?’ असं लिहिलं, की ज्यांची दुखते तेच येतात, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. मजकूर ‘दुचाकी चालवताना मानेची हालचाल’ एवढाच ठेवावा. जेवण पोचवणारी मुलं या अभ्यासाला फार मोलाची, कारण दिवसाचे आठ-दहा तास ती हेल्मेटमध्ये असतात. दुपारची गर्दी ओसरल्यापासून संध्याकाळच्या ऑर्डर सुरू होईपर्यंतच ती मोकळी. त्यांच्या पाठीवरची पिशवी मानेपासून खांद्यापर्यंतच्या ट्रॅपिझियस स्नायूवर वेगळा भार टाकते, तेव्हा पिशवी गाडीला बांधतात की पाठीवर घेतात हे स्वतंत्र रकान्यात लिहायचं. बुडालेल्या कमाईची आणि प्रवासाची भरपाई देता येते. रक्कम कमिटीनं मान्य केलेली हवी आणि ती आमिष वाटेल इतकी नको. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार पहिल्या पाळीनंतर येतात. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाला त्या दिवशी घेऊ नये. झोप नसलेली मान काहीही सांगते.

वय २० ते ४०, किमान वर्षभर रोज तासभर दुचाकी, हा आमचा निकष. मानेला पूर्वी मार, शस्त्रक्रिया, हाताला मुंग्या, चक्कर, चिकटपट्टीची ॲलर्जी यातलं काहीही असेल तर नाही. हातात कळ जात असल्याचा संशय असेल तर स्पर्लिंग चाचणी (मान दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावरून हलका दाब देणं) करावी, आणि ती सकारात्मक आली तर अभ्यास विसरून आधी डॉक्टरांकडे पाठवावं.

प्रश्नावलीत नेक डिसॅबिलिटी इंडेक्स वापरतात; मानदुखीमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते हे त्यातून कळतं. दहा भाग, प्रत्येकी ० ते ५, एकूण ५०. ४ पर्यंत काही त्रास नाही, ५ ते १४ सौम्य. त्यातला गाडी चालवण्याचा भाग चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. नवीन साहाय्यकाला तिथे ‘कार’ खोडून ‘बाईक’ लिहायचा मोह होतो. प्रमाणित प्रश्नावलीत असा बदल आपल्या मनानं केला, तर तिचं प्रमाणीकरण तिथेच संपतं. जो चारचाकी चालवत नाही त्याचा तो भाग रिकामा सोडावा, बेरीज ४५ पैकी धरावी आणि टक्के काढावेत. दुचाकीचे प्रश्न वेगळ्या कागदावर.

आता इलेक्ट्रोड. स्नायू किती काम करतोय हे त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून ईएमजीनं, म्हणजे स्नायूतल्या विद्युत संदेशाच्या नोंदीनं, टिपायचं असतं, आणि हेल्मेट नेमकं त्याच जागांवर घासतं. फुल फेसची मागची खालची कड मानेच्या मागच्या इलेक्ट्रोडवर येते, हनुवटीचा पट्टा गळ्याच्या बाजूच्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायूवर. प्रत्येक घासण्याला पडद्यावर मोठी लाट उठते आणि शिकाऊ माणूस तिला स्नायूचं काम समजतो. म्हणून आधी कोरडी तालीम: इलेक्ट्रोड न लावता हेल्मेट घालायचं, मान चारही बाजूंना वळवायची, कड आणि पट्टा जिथपर्यंत पोचतो तिथे पेनानं रेघ मारायची. इलेक्ट्रोड त्या रेघेच्या खालीच.

मानेच्या मागे चौथ्या मणक्याच्या उंचीला, मध्यरेषेपासून २ सेंटिमीटर बाहेर. इथे स्प्लिनियस, सेमीस्पायनॅलिस आणि वरचा ट्रॅपिझियस एकावर एक असतात. त्वचेवरून ते वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात ‘मानेचे मागचे स्नायू’ एवढंच लिहावं. एखाद्या स्नायूचं नाव लिहिलं की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात. वरच्या ट्रॅपिझियससाठी सातव्या मणक्यापासून खांद्याच्या हाडापर्यंत रेषा, तिच्या मध्यापासून २ सेंटिमीटर खांद्याकडे, कारण मध्याजवळ नस स्नायूत शिरते आणि तिथला संदेश दुबळा येतो. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडवर याच कारणानं खालच्या तिसऱ्या भागात. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांत २० मिलिमीटर. संदर्भ इलेक्ट्रोड गळपट्टीच्या हाडावर.

केस काढायचे, स्पिरिटच्या कापसानं त्वचा किंचित लाल होईपर्यंत पुसायची, स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं. मगच चिकटवायचं, वर मायक्रोपोर टेप, वायरीला छोटा वेटोळा देऊन तोही टेपखाली, म्हणजे मान वळली तरी ओढ इलेक्ट्रोडपर्यंत पोचत नाही. वायरी पाठीच्या मधून खाली न्यायच्या. लावल्यावर दहा मिनिटं थांबायचं. एप्रिल-मेच्या नाशिकात दुपारी हे काम घेऊच नये. घामानं जेल पसरतं, दोन इलेक्ट्रोड आतून जोडले जातात आणि संदेश सपाट होतो. सपाट रेषा म्हणजे आरामात असलेला स्नायू, असं वाटून सत्र पुढे रेटलं जातं. सत्राच्या मध्येच खांदे उडवायला सांगितलं आणि रेषा हलली नाही, की काय झालंय ते समजतं. स्त्री सहभागींसाठी पडदा, मागून उघडा गाऊन आणि स्त्री साहाय्यक, यात तडजोड नाही.

ईएमजीचा आकडा माणसामाणसांत थेट ताडता येत नाही. चरबी, त्वचा, जागा, सगळ्यानं तो बदलतो. म्हणून एक संदर्भ आकुंचन घ्यायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मांडायचं. पाठ्यपुस्तकं पूर्ण ताकद लावायला सांगतात. मानेच्या बाबतीत ते आम्ही टाळतो: दुखरी मान पूर्ण ताकद लावतच नाही, आणि न दुखणारी मान ताकद लावून दुखायला लागते. त्याऐवजी पालथं झोपवून, छाती टेकलेली, डोकं कडेबाहेर आडवं धरून ठेवायचं. पुढच्या स्नायूंसाठी उताणं झोपवून डोकं जेमतेम उचलायचं. ट्रॅपिझियससाठी दोन्ही हात खांद्याच्या उंचीला, प्रत्येकात एक किलो. प्रत्येकी १५ सेकंद, तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि मधल्या काही सेकंदांची सरासरी.

कोन मोजण्याचं काम सर्वांत जास्त डोकं खातं. नेहमीची पद्धत अशी: कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्यावर एक टिकली, सातव्या मणक्यावर दुसरी, बाजूनं फोटो, दोन्ही जोडणारी रेषा आडव्या रेषेशी जो कोन करते तो क्रॅनिओव्हर्टिब्रल कोन. साधारण ५० अंशांखाली गेला की डोकं पुढे आलंय असं धरतात. वर केलेल्या हिशोबातला कोन वेगळा, तो उभ्या रेषेपासूनचा आणि मानेच्या बुडाशी मणक्याच्या मधल्या भागापासूनचा. दोन्हींचे आकडे जुळवायला जाऊ नये, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत झालेला बदल तेवढा पाहावा. अडचण अशी की हेल्मेट घातलं की कानावरची टिकली झाकली जाते. हेल्मेटच्या कवचावर टिकली लावावी तर हेल्मेट डोक्यावर सरकतं आणि आपण हेल्मेटचा कोन मोजत बसतो. आमचा मार्ग असा: उघड्या डोक्यानं आधी एक फोटो, त्यात कान आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांना जोडणारी रेषा मोजून ठेवायची. हेल्मेट घातल्यावर काच वर करून डोळ्याचा कोपरा आणि नाकाचा दांडा बाजूनं दिसतो. त्यावरून कान कुठे असणार ते काढायचं. जोडीला कवचावरही दोन टिकल्या. डोळ्याचा बिंदू स्थिर आणि कवचाच्या टिकल्या हलल्या, तर हेल्मेट सरकलंय. ही सरक स्वतंत्र माप म्हणून नोंदवावी, कारण पुष्कळ दुखण्यांचं मूळ तिच्यात सापडतं.

मोठं हेल्मेट कपाळावर उतरतं. चालवणाऱ्याला रस्ता दिसेनासा होतो, म्हणून तो हनुवटी वर करतो. मानेचा खालचा भाग पुढे आणि वरचा मागे मोडलेला, अशा अवस्थेत डोक्याच्या मागच्या बाजूचे छोटे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि संध्याकाळी डोकं मागून दुखतं. लोक याला ‘हेल्मेटचं वजन’ म्हणतात. माप घेताना टेप भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटरवरून आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून न्यायची. एम बहुधा ५८० मिलिमीटर, एल ६००. तरी टेपवर भरवसा ठेवू नये. पट्टा बंद करून, डोकं स्थिर ठेवून हेल्मेट हातानं वळवायचं. गालाची आणि कपाळाची त्वचा सोबत ओढली गेली पाहिजे. जुन्या हेल्मेटची गादी दबलेली असते आणि ते एका मापानं मोठं झालेलं असतं, त्यामुळे ‘मी हेच माप वापरतो’ हे उत्तर गृहीत धरायचं नाही. स्कार्फ, अंबाडा, थंडीतला मफलर, पावसाळ्यात रेनकोटची टोपी, या सगळ्यांनी हेल्मेट वर उचललं जातं किंवा मागून पुढे ढकललं जातं. प्रयोगात हे सगळं काढायला लावायचं, पण माणूस रोज काय घालतो ते विचारून लिहायचं. हेल्मेटात कानाशी खुपसलेला मोबाईल हाही त्याच यादीत.

सत्र उभ्या स्कूटरवर होतं. डबल स्टँडवर स्कूटरचं मागचं चाक उचललं जातं आणि सीट पुढे कलते, त्यानं बसणाऱ्याची पाठ आणि मान दोन्ही बदलतात. पुढच्या चाकाखाली फळी घालून सीट मूळच्या पातळीला आणायची. मोबाईलमधलं लेव्हल पुरतं. समोर डोळ्यांच्या उंचीला पडदा, त्यावर शहरातल्या रस्त्याचं चित्रण, आरशात ठरावीक वेळानं दिसणाऱ्या खुणा वाचायच्या, म्हणजे मान गोठून राहत नाही. प्रत्येक स्थिती २० मिनिटं, मध्ये १५ मिनिटं विश्रांती. दर पाच मिनिटांनी ३० सेकंदांची नोंद आणि बोर्गच्या ० ते १० पट्टीवर ‘मान किती भरून आली?’ हा प्रश्न, दर वेळी त्याच शब्दांत. तयारीसकट तीन तास जातात. दोन दिवसांत विभागायचं असेल तर इलेक्ट्रोडची जागा पारदर्शक कागदावर त्या माणसाच्या अंगावरच्या तिळांसकट उतरवून ठेवावी, आणि संदर्भ आकुंचन दोन्ही दिवशी घ्यावं.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. सरळ बसून चालवताना मानेचे स्नायू त्यांच्या क्षमतेच्या फार थोड्या हिश्शावर काम करतात. इतक्या कमी भारावर वीस मिनिटांत थकव्याची खूण, म्हणजे संदेशाची मध्य वारंवारता खाली येणं, बहुधा दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्थितीच्या आधी आणि नंतर संदर्भ आकुंचन ३० सेकंद धरायला लावून त्यातली वारंवारता ताडायची. आकार वाढला आणि वारंवारता उतरली तर थकवा. आकार वाढला पण वारंवारता जागेवर, तर स्नायू नुसता जास्त जोर लावतोय.

रस्त्याची फेरी निराळ्या कारणासाठी. उभ्या गाडीला खड्डे आणि वारा नसतो. गंगापूर रोडवरून अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल ओलांडून पंचवटी, पुढे द्वारका आणि मुंबई नाका अशी वाट घेतली तर गतिरोधक, वळणं, थांबे आणि थोडा मोकळा रस्ता, सगळं येतं. सिंहस्थाची कामं निघाली की यातला एखादा तुकडा बंद असतो, तेव्हा पर्यायी वाट आधीच मंजूर करून घ्यावी. एक कंपनमापक सीटखाली, एक हेल्मेटवर दुहेरी टेपनं. कवचाला भोक पाडायचं नाही, कधीच नाही. बसलेल्या माणसाचं अंग उभ्या दिशेत ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त हलतं, आणि खराब रस्त्यावर दुचाकी नेमकं या पट्ट्यात बरंच काही देते. खड्ड्यात क्षणभर हेल्मेटचं वजन दुप्पट झाल्यासारखं मानेला लागतं. इथे हलकं हेल्मेट खरोखर उपयोगी पडतं, हेही मान्य करायला हवं. वाऱ्याचं गणित सोपं: वेग दुप्पट झाला की जोर चौपट. शहरात ३० च्या वेगाला तो नगण्य असतो, महामार्गावर ८० ला जाणवतो, आणि तो डोकं मागे ढकलत असल्यामुळे तिथे मानेचे पुढचे स्नायू कामाला लागतात.

नोंदी स्वच्छ करताना २० ते ४५० हर्ट्झचा पट्टा ठेवतात. डाव्या ट्रॅपिझियसमध्ये हृदयाचे ठोके शिरतात. तिथे खालची मर्यादा ३० करावी, आणि मग तुलनेसाठी उजवीकडेही तीच. ५० हर्ट्झची घरघर गाळणीनं काढण्याआधी ट्यूबलाइट आणि चार्जर बंद करून पाहावेत. गाळणीनं स्नायूचा खरा संदेशही जातो. फाइलींना स्थितीची नावं देऊ नयेत, क्रमांक द्यावेत, आणि क्रमांकांची किल्ली विश्लेषण करणाऱ्याकडे नसावी. एकाच माणसाची चार मापं एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे साधी टी-चाचणी चार-सहा वेळा लावून चालत नाही. मिश्र परिणामांचं मॉडेल घ्यावं आणि त्यात मानेचा कोन चल म्हणून घालावा. कोन घातल्यावर हेल्मेटचा परिणाम किती उरतो, हाच आकडा पाहायचा असतो.

सत्र संपल्यावर प्रत्येकाला त्याच्या मोजमापाचा एक कागद द्यायचा असतो. त्यात निदान लिहायचं नाही, पण हेल्मेट सरकतंय का, काच खाली केल्यावर मान पुढे येते का, आरसे इतके आत वळलेत का की पाहायला मान फिरवावी लागते, एवढं लिहिता येतं. काच ओरखडलेली असेल तर माणूस नीट दिसावं म्हणून डोकं पुढे काढतो, आणि संध्याकाळच्या उजेडात जास्तच. पुष्कळ मॉडेलची काच सुटी मिळते. हेल्मेट बदलण्याआधी काच बदलून पाहा, असं त्या कागदावर शेवटी लिहून द्यावं.